काळ्या भिंतीबद्दलचं एक वाक्य

माझ्या धंद्यात खोटं बोलायला फारशी अक्कल लागत नाही. आपण जे सांगतो ते जमिनीच्या पोटात दोनशे फूट खाली असतं. बघायला कोण जाणार? पाणी लागलं तर शास्त्र खरं, नाही लागलं तर शेतमालकाचं नशीब खोटं. डॉक्टरांना एवढी सवलत नाही. त्यांचा रोगी निदान तक्रार तरी करतो.

मी भूजलतज्ज्ञ आहे. धुळ्यात एका जिन्याच्या तोंडाशी तशी पाटी लावलेली आहे. खेड्यांमध्ये मात्र मला ‘यंत्रवाला’ म्हणतात. जमिनीत चार लोखंडी खिळे ठोकायचे, बाहेरच्या दोहोंतून वीज सोडायची आणि आतल्या दोहोंवर ती किती अडली ते मोजायचं. ओला, भेगाळ खडक वीज सहज जाऊ देतो. अखंड काळा पाषाण तिला अडवतो. खिळे लांब लांब नेत गेलं की खोलवरचं कळतं. झालं, एवढंच यंत्र. उरलेलं सगळं तोंड. आणि तोंड हा माझा कच्चा अवयव. घरात मी दिवसाला चाळीसेक शब्द बोलत असेन, त्यातले निम्मे ‘हं’.

या अंकाच्या संपादकांनी ‘पाणी शोधतानाचे गमतीदार अनुभव’ मागितले. दोन गमती देतो. त्यानंतर जे येतं ते गमतीदार नाही, पण तेच द्यायला मी बसलो आहे.

पहिली गंमत सावद्याकडची. मी त्याच भागातला, केळीत वाढलेला. धंद्याच्या सुरुवातीला एका नानांनी बोअरची जागा दाखवायला बोलावलं. गेलो तर मळ्यात आधीच एक पाणाडी हजर. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो बांधाबांधानं फिरत होता. मी खिळे काढायला लागलो.

“तुमचं यंत्र राहू द्या भाऊ दोन मिनिटं,” नाना म्हणाले. “आधी नारय काय म्हनतो ते पाहू.”

नारळ एका जागी ताठ उभा राहिला. माझ्या यंत्रानं तिथून दहा पावलांवरची जागा सांगितली. नाना पडले संसारी माणूस, दोघांपैकी कुणालाच दुखवायचं नव्हतं. त्यांनी बरोब्बर मधोमध बोअर घेतली. पाणी धो धो लागलं. पाणाड्यानं नारळाला हार घातला, मी यंत्र पुसून पेटीत ठेवलं, आणि दोघंही आपापल्या परीनं खरे ठरून घरी गेलो.

आता आतली गोष्ट सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याला डोंगरातून वाहून आलेल्या गोट्या-वाळूचा जाड थर आहे. त्यात पाणी चाळणीतल्यासारखं सगळीकडे मुरतं. तिथं नारळ चालतो, यंत्र चालतं, डोळे बांधून दगड फेकला तरी चालतं. प्रश्न जागेचा नसतोच. पाणी दर काही वर्षांनी किती खाली चाललंय हा असतो. तो कुणी विचारत नाही आणि आम्हीही सांगत नाही. सांगितलं तर आम्हाला बोलवायचं कारणच उरत नाही.

त्या दिवसानंतर मी पेटीत एक नारळ ठेवायला लागलो. एमएस्सी, भूगर्भशास्त्र, प्रथम श्रेणी, आणि तळहातावर नारळ. आधी यंत्रानं जागा काढायची, मग तिथं लोकांसमोर नारळ उभा करायचा. तो उभा राहतो, कारण माझा अंगठा त्याला उभा करतो. अंगठ्याला इतकी सवय झाली की शेवटी शेवटी मला स्वतःलाही थोडं खरं वाटायचं.

दुसरी गंमत दोंडाईच्याची. तिथं एका कार्यक्रमात माझं व्याख्यान ठेवलं होतं, ‘आपला खान्देश कुठून आला?’ आयोजक एक दगडखाणवाले. रस्त्याला लागणारी खडी करणारा क्रशर होता त्यांचा. सगळे त्यांना ‘दादा’ म्हणायचे, मीही दादाच म्हणायचो. माझ्या फोटोचा बॅनर त्यांनी चौकात लावला होता. माझा फोटो त्याआधी फक्त लग्नात निघाला होता.

मी सांगितलं, की आपली ही जमीन साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विषुववृत्ताच्या खाली, हिंदी महासागरात होती. तिथं तिला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वर आला. थरावर थर साचून आपला काळा दगड झाला. शेवटचा लाव्हा भेगांमध्येच अडकून थिजला. त्या भेगा आता जमिनीत उभ्या पुरलेल्या भिंतींसारख्या आहेत. शास्त्रात त्यांना डाईक म्हणतात. आजूबाजूचा खडक झिजला, भिंती झिजल्या नाहीत, म्हणून धुळ्याच्या पश्चिमेला काळ्या दगडांच्या लांबलचक सरळ टेकड्या दिसतात. मग हा सगळा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला भिडला. अजूनही सरकतो आहे, वर्षाला दोनेक इंच. आपली नखं वाढतात त्या चालीनं.

टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं कामाला येईल.

महिन्याभरात एक भूकरमापक मला शोधत ऑफिसात आला. कुठल्याशा गावात मोजणीला गेला तर एका गृहस्थाचा बांध शेजाऱ्याच्या रानात चार हात घुसलेला. विचारलं तर तो बिनधास्त म्हणाला, “मी बांध नही सरकावा. तो सोता सरकना. यंत्रवाला साहेब भाषनमा सांगतस, जमीन सरकस म्हनीसन!”

“चार हात सरकायला किती वर्षं लागतील, एवढं लिहून द्या साहेब,” भूकरमापक म्हणाला. मी गणित करून दिलं. पुढं महिनाभर ही गोष्ट सांगून मी लोकांना हसवलं, मी, न बोलणारा माणूस. पृथ्वीच्या नावावर आपली चोरी घालणारा तो इसम मला फार विनोदी वाटायचा.

आता हिराक्का.

गावाचं नाव लिहीत नाही. गावाला माझं नाव माहीत आहे, तेवढं पुरे. धुळ्याच्या पश्चिमेला, दक्षिणेकडच्या डोंगरातून उतरणाऱ्या जमिनीवर ते वसलेलं आहे. गावाच्या खालच्या अंगाला अशीच एक काळी टेकडी पूर्व-पश्चिम आडवी पडली आहे, आणि टेकडीच्या अलीकडे हिराक्काची विहीर. व्याख्यानाच्याही दोन वर्षं आधी मी तिथं पहिल्यांदा गेलो. विहिरीजवळ बोअर घ्यावी की नाही, एवढंच विचारायला त्यांनी बोलावलं होतं. हिराक्का तेव्हा साठीच्या आसपास. नवरा लवकर गेलेला, शेत त्यांनी एकटीनं कसलेलं. मी खिळे ठोकत होतो, त्या कमरेवर हात ठेवून पाहत होत्या.

“काय भाऊ, खिया ठोकीसन पानी निंघस? मंग आम्हना लोहार काय कमी शे?”

मोजमाप झालं. नारळ काढायची गरज पडली नाही. तिथं जे दिसलं ते पाहून मी खरंच हरखलो होतो. डोंगरात मुरलेलं पाणी मुरमातून उतारानं खाली येतं आणि त्या काळ्या भिंतीला अडतं. सगळ्याच भिंती पाणी अडवत नाहीत. काही स्वतःच तडकलेल्या असतात आणि पाणी वाहून नेतात. ही मात्र अखंड होती. म्हणजे तो जमिनीखालचा बंधारा होता, आणि हिराक्काची विहीर त्याच्या पोटात. त्यामुळंच चैत्र-वैशाखात सगळं गाव तिथून पाणी नेत होतं.

“अक्का, बोअर घेऊ नका. तुमच्याकडे धरण आहे,” मी म्हणालो. “फक्त एक करा. या टेकडीला जमिनीखाली कुणाला हात लावू देऊ नका. वरचा दगड नेला तर नेला. खाली खोदलं, की धरणाला भोक पडलं.”

हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम. त्यात खोदाई शून्य. हिराक्कांनी तो सल्ला जपला. टेकडीच्या पायथ्याशी कुणी कुदळ मारताना दिसलं, की त्या तिथून हाकलायच्या, ‘साहेबनी सांगं शे’ म्हणून. मला पुढं कळलं, की घराचा पाया काढणाऱ्या सख्ख्या पुतण्यालाही त्यांनी हाकललं होतं.

व्याख्यानानंतर वर्षभरानं दादांचा माणूस एक गट नंबर घेऊन आला. खाणीच्या परवानगीला भूजल अहवाल लागत होता. मी नकाशा उघडला. तीच टेकडी.

मी प्रामाणिकपणे अहवाल लिहिला. जमिनीच्या वर आलेला दगड काढल्यानं भूजलावर परिणाम होणार नाही, असं लिहिलं. ते खरंच होतं. शेवटी एक वाक्य लिहिलं: ‘मात्र कोणत्याही परिस्थितीत जमिनीच्या पातळीखाली खोदकाम करू नये, अन्यथा दक्षिणेकडील विहिरींचे पाणी जाईल.’

दोन दिवसांनी दादा स्वतः जिना चढून आले. चहा मागवला. व्याख्यानाची आठवण काढली, पुढच्या वेळी मोठा हॉल घेऊ म्हणाले. मग कागद पुढं सरकवला.

“सर, रिपोर्ट एक नंबर. फक्त हे शेवटचं वाक्य काढा ना. कचेरीत उगाच अडकतं. आपल्याला खाली जायचंच नाहीये, मग लिहायचं कशाला?”

मी म्हणालो, “जायचं नसेल तर राहू द्या ना.”

“विश्वास नाही का सर माझ्यावर?”

त्यांनी पाकीट दिलं असतं तर बरं झालं असतं. मी बहुतेक नाही म्हणालो असतो. आणि हो म्हणालो असतो तरी आज सांगायला एक कारण असतं. तसं काही झालं नाही. समोर चहा होता, माणूस मला ‘सर’ म्हणत होता आणि मला वाद घालता येत नाही. मी ते वाक्य काढलं. संगणकावर एक ओळ निळी केली, बटण दाबलं. उरलेला अहवाल शब्दन् शब्द खरा होता. इतका खरा अहवाल मी परत लिहिलेला नाही.

तीन वर्षं त्यांनी वरचा दगड नेला. वरचा संपल्यावर खाली गेले. माणूस आणखी काय करणार? हिराक्का हाकलायला गेल्या, तर त्यांना परवाना दाखवला. खाणीत पाणी लागलं तर पंप लावून नाल्यात सोडलं. नाल्याकाठचे खालचे शेतकरी खूश. भर वैशाखात नाला वाहतोय, देवाची करणी. वरच्या अंगाला हिराक्काची विहीर आधी पुरुषभर, म्हणजे एका माणसाच्या उंचीइतकी, उतरली, मग तीन पुरुष, आणि पुढच्या उन्हाळ्यात तळ दिसला. गावात टँकर सुरू झाला.

गावानं सल्ल्यासाठी कुणाला बोलावलं असेल? मला.

ग्रामपंचायतीसमोर सगळं गाव बसलं होतं. तिथून खाणीचा खड्डा दिसत होता. सरपंच म्हणाले, “साहेब, पानी कथा गयं, तेवढं सांगा.”

पाणी कुठं गेलं याचं उत्तर मला पाठ होतं. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न अहवालाचा आला असता. मी घसा खाकरला आणि व्याख्यान दिलं. जमीन स्थिर नसते, ती सरकते, आत ताण येतात, नव्या भेगा पडतात, पाणी वाट बदलतं, पाऊसमानही कमी झालंय. न बोलणारा मी पाव तास बोललो. अख्ख्या भूखंडाला मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. तो बिचारा ग्रामसभेत येऊन खुलासा थोडाच करणार?

मागून हिराक्का उठल्या. “जमीन सरकनी ते आम्हनं गाव बी सरकनं व्हई. मंग बठ्ठं गाव पुढे गयं नि पानीच कसं मांगे राही गयं?”

लोक हसले. मीही हसलो, आणि लगेच पेटीतून नारळ काढला. त्याच दुपारी गावाच्या वरच्या अंगाला एक जागा दाखवली. बोअरची गाडी आली, पूजा झाली. तीनशे फुटांपर्यंत नुसती पिठासारखी धूळ उडत राहिली. बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या केसांवर ती बसत गेली. कुणी मला काही बोललं नाही. सरपंचांनी तर जेवूनच जा म्हणून आग्रह केला. मी जेवलो.

पुढच्या उन्हाळ्यात हिराक्का धुळ्याला, ऑफिसात आल्या. सत्तरीच्या बाईनं जिना कसा चढला कुणास ठाऊक. पिशवीतून त्यांनी एक कागद काढला. गावातल्या कुणीतरी माहितीच्या अधिकारात अर्ज करून माझ्या अहवालाची प्रत मिळवली होती. खाण बंद करा, भिंतीचं भगदाड बुजवा, असा अर्ज गावानं तालुक्याच्या कचेरीत दिला होता. त्या अर्जाच्या विरोधात एकच पुरावा होता, तो माझा अहवाल.

“नातसूननी वाची दिधा,” त्या म्हणाल्या. “सही तुम्हनीच शे ना?”

“हो.”

“मले जे सांगं व्हतं, ते यामा नही.”

त्यांनी पंख्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, कपाटावर ठेवलेल्या पृथ्वीच्या गोलाकडे पाहिलं.

“मी नऊ साल लोकेस्नी दुश्मनी लिधी. पुतन्या आजून घर येत नही. तुम्ही सांगं म्हनीसन. नि तुम्हीच लिखं नही?”

“अक्का, मला दोन दिवस द्या. विचार करतो.”

“ल्या ना. इहीर दोन उन्हाया कोरडी शे, तिले काय घाई शे?”

पाणी न पिता त्या उतरून गेल्या. मी संध्याकाळपर्यंत जुन्या फायली काढत बसलो. पहिला मसुदा सापडला, ते वाक्य असलेला, छापलेला, वर माझ्याच हातची तारीख. तो ठेवला यात माझा काही सद्गुण नाही. मी काहीच फाडत नाही, कपाट त्याला साक्षी आहे.

काय झालं ते आधीच सांगतो, म्हणजे वाचकाचा जीव टांगणीला नको. खाण थांबली. पोखरलेल्या जागी काँक्रीटचा गाभा आणि दोन्ही अंगांना काळी माती ठोकून भगदाड बुजवलं. गेल्या उन्हाळ्यात विहिरीत दोन पुरुष पाणी राहिलं. पूर्वी पाच असायचं. साडेसहा कोटी वर्षांच्या दगडाची बरोबरी ठेकेदाराचं काँक्रीट करत नाही. उरलेले तीन पुरुष आता येणार नाहीत. ते माझ्याकडे लागतात, आणि ते देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. दादा भेटले तर ओळख देत नाहीत. खाणवाल्यांची कामं बंद झाली, ती व्हायचीच होती. नारळही सोडला. त्यामुळं गिऱ्हाईक निम्मं झालं. लोकांना वाटतं, साहेबांची विद्या गेली.

पण मला लिहायचं होतं ते गावाच्या अर्जावरच्या सुनावणीबद्दल. लहानशी खोली. पुढं अधिकारी, बाजूला संगणकावर कारकून, एका बाजूला दादा आणि त्यांचे वकील. मागं दाराशी गावची पंधरा-वीस माणसं, त्यांत हिराक्का खाली बसलेल्या. मी मसुदा पुढं ठेवला.

अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून पाहिले. “ही अट अंतिम अहवालात का नाही?”

“होती. काढली.”

“कुणी?”

“मी.”

वकील उठायला लागले, अधिकाऱ्यांनी हातानंच बसवलं. कारकून भला माणूस होता. माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून त्यानं टाइप करता करता वाचून दाखवलं, “सदर अट अहवालात अनवधानाने नमूद करावयाची राहून गेली... असं लिहितो, साहेब. चालेल ना?”

खोलीत सगळ्यांनाच ते चाललं असतं. अधिकाऱ्यांना चाललं असतं, दादांना चाललं असतं. खाण तर तेवढ्यानंही थांबली असती. माझी पाटी स्वच्छ राहिली असती. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात माझा हात कोण धरणार?

“अनवधानानं नाही,” मी म्हणालो. आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

“जोरमा सांगा भाऊ,” दारातून हिराक्का म्हणाल्या. “मांगे काही ऐकू येत नही.”

मी उठलो, मागं वळलो. “अट मी लिहिली होती. का लिहिली ते मला माहीत होतं. मी ती जाणूनबुजून काढली. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्हाला पृथ्वीची गोष्ट सांगितली.”

कारकुनानं ‘अनवधानाने’ खोडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “थोडं सावकाश सांगा साहेब, लिहून घेतो.”

मग मी ते पुन्हा सांगितलं, त्याच्या बोटांच्या चालीनं, एकेक शब्द सुटा करून.